गिटारच्या पेडलसाठी घरी बनवलेला पॉवर सप्लाय : नऊ व्होल्टचा एक प्रकल्प-पाठ



आठवी-नववीतलं मूल इलेक्ट्रिक गिटार शिकायला लागलं की काही महिन्यांत घरात 'पेडल' नावाची एक धातूची डबी येते. पायाने बटण दाबलं की गिटारचा आवाज बदलतो. कुणाचा आवाज फाटका आणि जाड होतो (डिस्टॉर्शन), कुणाचा मागून पुन्हा पुन्हा ऐकू येतो (डिले), कुणाचा लहरत राहतो (कोरस). एक पेडल आलं की दुसरं हवं असतं, दुसरं आलं की तिसरं. आणि प्रत्येकाच्या पोटात नऊ व्होल्टची ती छोटी चौकोनी बॅटरी. ती संपली की पुन्हा दुकान.

मग एक दिवस प्रश्न येतो, "बाबा, मी व्हिडिओत बघितलंय. पेडलसाठी पॉवर सप्लाय मीच बनवू का?"

याला घरोघरी दोन उत्तरं मिळतात. पहिलं, "अजिबात नको, शॉक बसेल." दुसरं, "कर बाबा तुला काय करायचं ते." पहिल्या उत्तराने शिकायची छान संधी जाते. दुसऱ्याने काय जाऊ शकतं ते सांगायला नको. आजच्या पाठात आपण तिसरं उत्तर तयार करूया : "हो, बनव. पण या रेषेच्या अलीकडे."

रेषा कुठे ओढायची?

पॉवर सप्लायच्या अनेक आकृत्या भिंतीतल्या २३० व्होल्टपासून सुरू होतात. वायर, फ्यूज, ट्रान्सफॉर्मर, मग पुढचं सगळं. अनुभवी माणसाला ते ठीक आहे, शाळकरी मुलाला नाही. त्याचं कारण मुलांना नीट समजावून सांगा, कारण ते खास गिटारचंच कारण आहे.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारा धातूच्या असतात आणि गिटारच्या आतून त्या 'ग्राउंड'ला जोडलेल्या असतात. तेच ग्राउंड केबलच्या बाहेरच्या जाळीतून पेडलपर्यंत आणि तिथून पॉवर सप्लायच्या ऋण टोकापर्यंत जातं. म्हणजे पॉवर सप्लायच्या डबीत २३० व्होल्टची एखादी सुटी तार चुकून नऊ व्होल्टच्या बाजूला टेकली, तर ती वीज थेट मुलाच्या बोटांखालच्या तारांपर्यंत पोहोचू शकते. त्यात ही डबी जमिनीवर राहणार, तिला पाय लागणार, पावसाळ्यात फरशी ओलसर असणार. म्हणून आपला नियम एकच :

२३० व्होल्ट तयार, बंद अडॅप्टरच्या आतच राहतील. त्याच्या बाहेर आलेल्या १२ व्होल्टपासून पुढचं सगळं मुलाच्या हाताचं.

अडॅप्टर घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. त्यावर '१२ व्होल्ट डीसी, १ अँपिअर' असं लिहिलेलं हवं. फुटलेलं, सैल झालेलं, चिकटपट्टी लावलेलं अडॅप्टर या कामाला वापरायचं नाही.

आणखी एक तपासणी पालकांनी स्वतः करावी. गिटारचा अँप्लिफायर तीन पिनांचा असेल, तर त्याची तिसरी, म्हणजे अर्थिंगची पिन जागेवर आहे ना? घरातल्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे ना? घूंऽऽ असा आवाज येतो म्हणून काही जण ही पिन काढून टाकतात. आवाज कमी होईलही, पण जीव वाचवणारी वाट बंद होते. शंका असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, प्रकल्प पुढच्या आठवड्यात करता येईल.

पेडलला नेमकं हवं तरी काय?

मुलांना सांगण्याआधी चार गोष्टी आपण समजून घेऊ.

१) विभवांतर : बहुतेक पेडलना ९ व्होल्ट लागतात. ट्रान्झिस्टर रेडिओच्या काळात लोकप्रिय झालेली नऊ व्होल्टची बॅटरी पेडलच्या डबीत सहज मावत होती, म्हणून हा आकडा रूढ झाला. पण हा नियम सगळ्यांना लागू नाही. १९६२ साली आलेलं 'माएस्ट्रो फझ-टोन' हे सुरुवातीचं पेडल दीड व्होल्टच्या दोन सेलवर, म्हणजे ३ व्होल्टवर चालायचं. म्हणून पेडलवर काय छापलंय ते आधी वाचायचं.

२) दिष्ट धारा : पेडलला डीसी हवी, आणि तीसुद्धा सपाट. हा 'सपाट' शब्द लक्षात ठेवा, आपला प्रयोग त्यावरच आहे.

३) धन-ऋण : इथे अनेकांची फसगत होते. घरातल्या बऱ्याच अडॅप्टरच्या गोल पिनेत मधलं भोक धन आणि बाहेरची नळी ऋण असते. पेडलमध्ये बहुधा उलटं. मध्ये ऋण, बाहेर धन. ही उलटी रीत का आली असेल? पेडलच्या सॉकेटमध्ये एक छोटी पट्टी असते. पिन आत गेली की ती बाजूला सरकते आणि आतली बॅटरी आपोआप सुटते. ही पट्टी पिनेच्या बाहेरच्या नळीच्या बाजूला असते. बॅटरीचं धन टोक तिच्यातून नेलं, की बाहेरची नळी धन ठरते. बॅटरीचं ऋण टोक गिटारच्या केबलच्या सॉकेटमधून तोडलं-जोडलं जातं. म्हणून तर गिटारची केबल काढून ठेवली की बॅटरी वाचते!

४) विद्युतधारा : साधं डिस्टॉर्शन पेडल जेमतेम ५ ते १० मिलिअँपिअर घेतं. डिजिटल डिले किंवा रिव्हर्ब ५० ते १०० किंवा त्याहूनही जास्त घेतो. इथे मुलांना एक हिशेब घाला. बॅटरीची क्षमता ५०० मिलिअँपिअर-तास धरली, तर १० मिलिअँपिअरचं पेडल किती तास चालेल? ५० तास. १०० मिलिअँपिअरचं? फक्त ५ तास, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी. पॉवर सप्लाय का हवा, हे मुलांना या भागाकारातूनच कळतं.

साहित्य

• १२ व्होल्ट, १ अँपिअरचं तयार डीसी अडॅप्टर
• ७८०९ हा व्होल्टेज रेग्युलेटर (तीन पायांचा) आणि त्याला छोटा हीट सिंक
• १एन४००७ डायोड – एक
• ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज, होल्डरसह
• कपॅसिटर : २२०० मायक्रोफॅरड (२५ व्होल्ट) – एक, १०० मायक्रोफॅरड (२५ व्होल्ट) – एक, ०.३३ आणि ०.१ मायक्रोफॅरड – एकेक
• एलईडी आणि १ किलोओहमचा रोधक
• २.१ मिलिमीटरचे प्लास्टिकचे डीसी सॉकेट – चार
• ब्रेडबोर्ड, नंतर सोल्डरिंगसाठी छोटा बोर्ड, वायर, प्लास्टिकची डबी
• मल्टिमीटर (हा हवाच, पर्याय नाही)

सुटे भाग स्वस्त असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सगळं एका फेरीत मिळतं. मुलाला सोबत न्या आणि यादी त्यालाच वाचू द्या. काउंटरवर "पंचवीस व्होल्टचा बावीसशे द्या" असं म्हणता येणं हाही शिक्षणाचाच भाग आहे.

आधी कानाने ऐकायचा प्रयोग

हा भाग शाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा. प्रयोगशाळेतला बॅटरी एलिमिनेटर आठवतोय ना? त्यातल्या अनेकांच्या आत ट्रान्सफॉर्मर आणि डायोड असतात, पण धारा सपाट करायची सोय फारशी नसते. म्हणजे डीसी मिळते, पण डोंगर-दरीसारखी. आपल्याला तीच हवी आहे.

ब्रेडबोर्डवर ७८०९ लावा. छापील बाजू आपल्याकडे धरली तर डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडशी जोडा. एलिमिनेटरच्या १२ व्होल्ट डीसीचं धन टोक डायोडमधून इनपुटला द्या (डायोडची पांढरी पट्टी ७८०९ च्या बाजूला), ऋण टोक ग्राउंडला. मोठा कपॅसिटर अजून लावायचा नाही. आउटपुटला एक साधं ॲनालॉग डिस्टॉर्शन पेडल जोडा, धन-ऋण मल्टिमीटरने तपासूनच. डिजिटल पेडल या प्रयोगाला घेऊ नका. अँप्लिफायरचा आवाज अगदी कमी ठेवा.

पहिली पायरी : पेडल बॅटरीवर चालवा आणि ऐका. थोडी घरघर असेल तर ती गिटारच्या पिकअपची आहे. गिटार हातात धरून फिरवली की ती कमी-जास्त होते. ही आपली तुलनेची पातळी.

दुसरी पायरी : आता आपल्या ब्रेडबोर्डवर चालवा. घूंऽऽ! एकसुरी, जाड आवाज. गिटार फिरवून फरक पडत नाही.

तिसरी पायरी : सगळं बंद करा. २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर डायोडनंतर, इनपुट आणि ग्राउंडमध्ये लावा. त्याच्या अंगावरची उणे चिन्हाची पट्टी ग्राउंडकडे असलीच पाहिजे. हा कपॅसिटर उलटा लावला तर तो तापून फुटू शकतो, म्हणून इथे शिक्षकांनी स्वतः बघावं. आता पुन्हा चालू करा. तो आवाज गेला!

वर्गात या क्षणी जी शांतता होते, तिच्यावर पुढचा पाऊण तास शिकवता येतो.

तो आवाज कोणता होता?

मुलांना विचारा, आपल्याकडे विजेची वारंवारता किती? ५० हर्ट्झ. मग तो आवाजही ५० हर्ट्झचाच का नाही? फळ्यावर लाट काढा. डायोडचा पूल खालचा अर्धा भाग उलटा करून वर आणतो. एका आवर्तनात आता एकाऐवजी दोन डोंगर झाले. म्हणून आवाज १०० हर्ट्झचा.

आता गिटार हातात घ्या. सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तर साधारण ८२ हर्ट्झ. तीच तिसऱ्या फ्रेटवर दाबली तर ९८ हर्ट्झ, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीतला 'जी'. आपला तो घूंऽऽ आवाज याच्या अगदी जवळचा, किंचित चढा. मोबाइलमधल्या ट्यूनरवर मुलांना तपासू द्या. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असते, तिथे हाच आवाज १२० हर्ट्झचा, 'बी' च्या जवळचा येईल. 'विद्युतधारेचे परिणाम' आणि ध्वनीचा धडा एकाच तासाला एकाच टेबलावर येतात ते असे.

कपॅसिटरने काय केलं? आपल्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. नळाला पाणी ठरावीक वेळी येतं, पण टाकी असल्याने घरात दिवसभर धार सारखी राहते. दोन डोंगरांमध्ये १०० हर्ट्झला सेकंदाचा शंभरावा भाग एवढा वेळ असतो. तेवढा वेळ कपॅसिटर साठवलेला भार पुरवतो. हिशेबही सोपा आहे. धारा गुणिले वेळ भागिले धारित्र. ०.२ अँपिअर × ०.०१ सेकंद ÷ ०.००२२ फॅरड = सुमारे ०.९ व्होल्ट. म्हणजे दरी आता ०.९ व्होल्टचीच राहिली. ती ७८०९ आणखी शेकडो पट कमी करतो. टाकी आणि तोटी, दोन्ही मिळून काम होतं.

घरी आपण जे तयार अडॅप्टर वापरणार, त्यात हा १०० हर्ट्झचा आवाज सहसा जाणवत नाही, कारण आजचे अडॅप्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊन काम करतात. तरी कपॅसिटर लावायचाच, बारीक कुरकुर कमी होते.

जोडणी

आता घरच्या डबीकडे वळू. क्रम असा :

अडॅप्टरचं धन टोक → फ्यूज → डायोड → २२०० आणि ०.३३ मायक्रोफॅरड (ग्राउंडकडे) → ७८०९ चा इनपुट → ७८०९ चा आउटपुट → ०.१ आणि १०० मायक्रोफॅरड (ग्राउंडकडे) → चारही सॉकेट समांतर.

एलईडी आणि १ किलोओहमचा रोधक एकसर जोडून आउटपुटला लावा. एलईडीवर सुमारे २ व्होल्ट पडतात, उरलेले ७ व्होल्ट रोधकावर, म्हणजे धारा ७ मिलिअँपिअर. ओहमचा नियम पुन्हा एकदा!

डायोड कशासाठी? पुढेमागे कुणी उलट्या धन-ऋणाचं अडॅप्टर जोडलं तर वीज आतच जाणार नाही. एकेरी वाहतुकीचा रस्ता समजा.

तीन बारकावे विसरू नका.

एक, अडॅप्टरची १२ व्होल्टची वायर डबीतच कायमची जोडून टाका (अडॅप्टर भिंतीतून काढलेलं असताना), आणि आत गाठ मारा म्हणजे ओढली जाणार नाही. का? अडॅप्टरची गोल पिन तशीच ठेवली, तर घाईत एखाद्या दिवशी ती सरळ पेडलमध्ये खुपसली जाईल. पिन तर बसेल, पण व्होल्ट जास्त आणि धन-ऋण उलटं.

दोन, डबी आणि सॉकेट दोन्ही प्लास्टिकचे घ्या. धातूच्या सॉकेटची बाहेरची कडी नळीला, म्हणजे आपल्याकडे धन टोकाला, जोडलेली असते. ७८०९ ची पाठ मात्र ग्राउंडला जोडलेली असते. दोघांनाही एकाच धातूच्या डबीला स्क्रूने आवळलं की सरळ शॉर्ट सर्किट.

तीन, सोल्डरिंग खिडकीजवळ, मोठ्यांसमोर, डोळ्यांना चष्मा लावून करायचं. सोल्डरमध्ये शिसं असू शकतं, म्हणून काम झालं की हात साबणाने धुवायचे. मगच खाऊ.

मोजल्याशिवाय पेडल जोडायचं नाही

हा नियम डबीच्या झाकणावर लिहून चिकटवा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. पेडलला जाणाऱ्या पिनेच्या बाहेरच्या नळीला लाल टोक, मधल्या भोकात काळं टोक. आकडा ८.६ ते ९.४ च्या मध्ये आणि बिनउण्याचा आला पाहिजे. उणे चिन्ह दिसलं तर सॉकेटच्या तारा उलट्या आहेत. ११ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर ७८०९ चे पाय तपासा. चारही सॉकेट वेगवेगळे मोजायचे. मुलाने मोजावं, वहीत लिहावं, मोठ्यांनी एकदा फेरतपासणी करावी. हजारो रुपयांचं पेडल आणि धोका यांच्यामध्ये ही अर्ध्या मिनिटाची सवय उभी असते.

किती पेडल चालतील?

७८०९ ला आउटपुटपेक्षा सुमारे २ व्होल्ट जास्तीचे लागतात. म्हणून ९ व्होल्टचं अडॅप्टर चालत नाही, १२ चं लागतं. हे जास्तीचे ३ व्होल्ट उष्णतेत जातात. पेडल मिळून २०० मिलिअँपिअर घेत असतील, तर ३ × ०.२ = ०.६ वॅट. रेग्युलेटर गरम लागेल, पण छोट्या हीट सिंकवर निभावतं. अडॅप्टर १२ ऐवजी १८ व्होल्टचं लावलं तर? ९ × ०.२ = १.८ वॅट, म्हणजे तिप्पट उष्णता! 'जास्त व्होल्ट म्हणजे जास्त चांगलं' हा गैरसमज इथे बोट लावूनच (जपून) जातो. आपण आपल्या डबीची मर्यादा २०० मिलिअँपिअर ठरवू. प्रत्येक पेडलखालचा आकडा वाचून मुलाने बेरीज करायची.

या डबीच्या मर्यादाही सांगा

चारही सॉकेटचं ग्राउंड एकच आहे. तीन-चार ॲनालॉग पेडलना ते चालतं. पण त्यात डिजिटल पेडल आलं की काही वेळा बारीक शिट्टीसारखा आवाज शिरतो. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक आउटपुट वेगळा, एकमेकांपासून तोडलेला असलेला सप्लाय. तो विकत घ्यावा, कारण तो बनवणं आपल्या रेषेपलीकडचं काम आहे.

तसंच, १९६६ च्या 'फझ फेस'सारख्या जुन्या घडणीच्या काही जर्मेनियम पेडलमध्ये ग्राउंड धन असतं. असं पेडल इतरांसोबत या डबीला लावलं की केबलमधून धन आणि ऋण एकत्र येऊन शॉर्ट होतं. त्याला बॅटरीच द्या.

मुलांना विचारायचे प्रश्न

१) मोठा कपॅसिटर काढल्यावर आवाज आला. मग बॅटरीवर का येत नाही?
२) खालचा अर्धा भाग उलटा न करता नुसता कापून टाकला, तर किती हर्ट्झचा आवाज येईल? (५०)
३) कपॅसिटर १००० मायक्रोफॅरडचा घेतला तर २०० मिलिअँपिअरला दरी किती व्होल्टची? (२)
४) फ्यूज ५०० मिलिअँपिअरचा का, ५ अँपिअरचा का नाही?
५) २३० व्होल्टची बाजू आपण का उघडली नाही? गिटारच्या तारांचा उल्लेख करून सांगा.

पाचव्या प्रश्नाचं उत्तर मुलाने स्वतःच्या शब्दांत दिलं, तरच प्रकल्प पूर्ण झाला असं समजा. डबी चालली नाही तर पुन्हा जोडता येते. पण 'कुठे थांबायचं आणि का' हे ज्याला सांगता येतं, त्याच्या हातात पुढे सोल्डरिंगची इस्त्री निर्धास्त देता येते.

करून बघा. शाळेत केलात तर पहिल्या आणि तिसऱ्या पायरीचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. पुढच्या वर्षीच्या वर्गाला आधी तोच ऐकवा आणि विचारा, "मध्ये काय बदललं असेल?"